शिडाच्या नौकेचे लाकूड पावसाच्या पाण्याने का कुजते

२०२५ च्या मे महिन्यात नौदलाच्या दोन शिडाच्या नौका बातम्यांत होत्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी ‘तारिणी’तून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यात परतल्या, आणि त्याच महिन्यात कारवारला ‘कौंडिण्य’ नौदलात दाखल झाली. ‘कौंडिण्य’ अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून बेतलेली आहे आणि तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, त्यामुळे ती लाकडाची आहे हे पाहताक्षणी कळते. ‘तारिणी’ मात्र बाहेरून फायबरची दिसते, आणि तिच्याही फायबरच्या आत लाकडाचा गाभा आहे हे अनेकांना ठाऊक नसते.

ठाणे किंवा नवी मुंबईत राहणारा एखादा हौशी माणूस जुनी शिडाची नौका विकत घेऊन ती स्वतः दुरुस्त करायचे मनात आणतो, तेव्हा त्याची पहिली गाठ या लपलेल्या लाकडाशीच पडते. जहाज खाऱ्या पाण्यात असते, म्हणून समुद्राचे पाणीच लाकूड खात असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो बहुतांशी चुकीचा आहे, आणि त्याच्यामुळे दुरुस्तीचा पैसा व श्रम भलत्या जागी खर्च होतात. अशा नौकेच्या लाकडाचा मुख्य शत्रू वरून येणारे गोडे पाणी, म्हणजे आपला पाऊस आहे. ही एक गोष्ट नीट समजली की सुतारकामातील जवळजवळ प्रत्येक निर्णय, कोणते प्लायवूड घ्यावे इथपासून कोणता स्क्रू कुठे मारावा इथपर्यंत, आपोआप सोपा होत जातो.

फायबरच्या नौकेत लाकूड असते तरी कुठे?

काचेच्या तंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून कडक केले की जे तयार होते, त्याला आपण फायबर म्हणतो. ते मजबूत असते, पण पातळ पत्र्यात ते लवचीकही असते, आणि जाड केले तर जड होते. म्हणून डेक, म्हणजे नौकेचा वरचा पृष्ठभाग, बांधताना फायबरचे दोन पातळ थर घेऊन त्यांच्या मध्ये हलक्या पदार्थाचा गाभा बसवतात. हा गाभा पुष्कळदा बाल्सा लाकडाचा असतो. बाल्साचे वजन घनमीटरला सुमारे १५० किलो भरते, तर सागवानाचे साधारण ६५० किलो, यावरून त्याचा हलकेपणा लक्षात यावा. गाभ्यामुळे डेक फारसे वजन न वाढता ताठ होते, आणि त्यावर माणूस चालला तरी ते दबत नाही.

याशिवाय नौकेच्या पोटात आडव्या भिंती असतात. त्या प्लायवूडच्या असून फायबरच्या पट्ट्यांनी नौकेच्या अंगाला चिकटवलेल्या असतात. केबिनच्या खोल्या पाडणे हे त्यांचे वरवरचे काम. खरे काम म्हणजे नौकेचा आकार टिकवणे आणि डोलकाठीचा ताण पेलणे. त्यानंतर येतात बाके, कपाटे, स्वयंपाकाचा ओटा, जमिनीच्या फळ्या, आणि बाहेरच्या बाजूला हात धरायच्या सागवानी पट्ट्या. घेणारा माणूस नेमका या शेवटच्या गोष्टींकडे आधी पाहतो, कारण त्या डोळ्यांत भरतात. त्यांचे पॉलिश उडालेले असणे ही नौकेची सर्वांत किरकोळ अडचण होय.

कुजणे म्हणजे नेमके काय?

लाकूड पाण्याने कुजत नाही, ते बुरशीमुळे कुजते. बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, हवा आणि ओल. अन्न म्हणजे लाकूड स्वतः. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. उरतात हवा आणि ओल. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत त्यातील पाणी २० टक्क्यांच्या खाली असेल, तर बुरशी जवळपास वाढत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे गेले की ती जोमाने वाढते. लाकूड पूर्णपणे पाण्यात बुडालेले असेल, तर त्यात हवाच उरत नाही आणि बुरशीची वाढ पुन्हा थांबते. म्हणून तळ्यात कायम बुडालेला खांब वर्षानुवर्षे टिकतो आणि पाण्याच्या रेषेच्या आसपासचा त्याचाच भाग आधी कुजतो.

मीठ बुरशीला मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जहाजबांधणी करणारे लोक लाकडी जहाजाच्या फासळ्यांमधील पोकळीत मीठ भरून ठेवत असत, ते याच कारणासाठी. खाऱ्या पाण्यात लाकडाला वेगळा शत्रू असतो. तो म्हणजे लाकूड पोखरणारा सागरी किडा, जो प्रत्यक्षात शिंपल्यांच्या कुळातील प्राणी आहे. पण त्याला उघडे लाकूड लागते, आणि फायबरच्या नौकेचे बूड त्याला ते मिळू देत नाही.

आता आपल्या हवेचा हिशेब पाहू. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, तेव्हा थेंबही न लागलेले लाकूड नुसत्या हवेतून ओल शोषून १७-१८ टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे बेलापूरच्या धक्क्याजवळ उभ्या असलेल्या नौकेतील लाकूड जून ते सप्टेंबर धोक्याच्या रेषेच्या जेमतेम खाली असते. त्यावर एखाद्या छिद्रातून रोज थोडेसे पावसाचे पाणी झिरपत राहिले, तर रेषा ओलांडायला काही कष्ट पडत नाहीत. युरोपातील थंड हवेत लिहिलेली दुरुस्तीची पुस्तके वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण तिकडे हिवाळ्यात बुरशी मंदावते आणि आपल्याकडे ती कधीच पुरती मंदावत नाही.

मग कोळ्यांच्या लाकडी होड्या कशा टिकतात?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. दिवाळे, सारसोळे किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याची परंपरा पाहिली, तर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्यांवर संसार चालले आहेत. त्या होड्यांची रचनाच वेगळी होती. त्या बहुतांशी उघड्या असत, त्यांच्यात बंद पोकळ्या नसत, तळाशी साचणारे पाणी खारे असे, आणि वारा प्रत्येक फळीपर्यंत पोहोचे. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून राळ भरली जाई, अंगाला मुशीच्या यकृताचे तेल चोपडले जाई, आणि पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकली जाई. आजही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर येतात आणि डागडुजीची कामे चालतात. हे सारे शहाणपण ओल बाहेर पडू देण्यावर उभे आहे. फायबरच्या नौकेत आपण लाकूड दोन्ही बाजूंनी बंद करतो, आणि तिथेच अडचण सुरू होते, कारण एकदा आत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही.

पाणी आत शिरते कुठून?

डेकवर शेकडो छिद्रे असतात. कठड्याचे खांब, दोर बांधायचे खुंटे, कप्प्या, खिडक्यांच्या चौकटी, हात धरायच्या पट्ट्या, प्रत्येक वस्तू स्क्रूने किंवा बोल्टने बसवलेली असते आणि प्रत्येक छिद्र गाभ्यातून आरपार जाते. बसवताना फट बुजवायला भरलेले सीलंट दहा-पंधरा वर्षांत कडक होते, खांबाला धरून चढणाऱ्या माणसाच्या वजनाने ते किंचित सुटते, आणि केसाएवढी फट तयार होते.

सोसायटीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला पुढचे समजावून सांगायची गरज नाही. गच्चीला तडा एका कोपऱ्यात असतो, ओल भलत्याच खोलीच्या छतावर उमटते, आणि रंगारी दरवर्षी ओलीवर रंग मारून जातो. नौकेतही डेकचे पाणी गाभ्यातून लांबवर सरकते आणि केबिनच्या आत दुसऱ्याच स्क्रूच्या टोकाशी तपकिरी थेंब होऊन लोंबते. त्या थेंबाखालची फळी बदलून काही साधत नाही.

शोध घेण्याची रीत साधी आहे. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर हळूहळू ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. आवाज बदलेल तिथे खडूने रेघ ओढावी. तासाभरात आजाराचा नकाशा डेकवरच उमटतो. संशयाच्या जागी आतल्या बाजूने एक बारीक छिद्र पाडून बाहेर आलेला भुसा बोटांत चोळून पाहावा. कोरडा व फिकट असेल तर उत्तम, काळपट आणि ओला असेल तर गाभा गेला आहे.

छिद्र कायमचे बंद करण्याची पद्धत

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नौकेवरची ही सर्वांत उपयुक्त दुरुस्ती आहे, ती घरच्या अवजारांनी करता येते, आणि ती केल्याने पुढची मोठी दुरुस्ती टळते.

एपॉक्सी म्हणजे दोन द्रव एकत्र केल्यावर आपोआप कडक होणारे रेझिन. ते लाकडाला आणि फायबरला घट्ट धरते आणि पाणी जवळपास आत येऊ देत नाही. आठ मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा असेल, तर आधी बोल्ट काढून वरचा फायबरचा थर आणि गाभा सुमारे वीस मिलिमीटर व्यासाने कोरून काढावा. खालचा थर शाबूत ठेवून त्याचे छिद्र खालून चिकटपट्टीने बंद करावे. वाकवलेल्या खिळ्याने कडेचा गाभा आणखी थोडा आत खरवडावा. मग तो भाग पूर्ण वाळू द्यावा. घाई इथेच नडते, कारण ओल्या गाभ्यावर ओतलेले एपॉक्सी ओल आत कोंडून ठेवते. वाळल्यावर आधी पातळ एपॉक्सीचा हात द्यावा, म्हणजे ते गाभ्याच्या तंतूंत मुरते, आणि नंतर सिलिका पावडर मिसळून पुट्टीइतके दाट केलेले एपॉक्सी भरावे. ते कडक झाले की त्याच्या मधोमध आठ मिलिमीटरचे नवे छिद्र पाडावे. आता बोल्टभोवती लाकूड नसून भरीव एपॉक्सीचे कडे आहे. पुढे कधी सीलंट सुटले, तरी पाणी केबिनमध्ये गळेल, आपल्याला दिसेल, आणि गाभ्याला स्पर्श करणार नाही.

आपल्या हवेत एपॉक्सी वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डब्यावर लिहिलेला वेळ बहुधा २५ अंश तापमानासाठी असतो, आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या खोल डब्यात ते मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने काही मिनिटांत धुरकट होऊन आवळते. म्हणून थोडेथोडे मिसळावे, पसरट ताटलीत ओतावे आणि काम सकाळी उरकावे. दुसरी गोष्ट अशी, की दमट हवेत कडक होणाऱ्या एपॉक्सीवर अनेकदा मेणचट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. नुसता पॉलिश पेपर मारल्याने तो पृष्ठभागात आणखी चोळला जातो. हातमोजे अनिवार्य आहेत. वारंवार त्वचेला लागल्याने एपॉक्सीची ॲलर्जी जडते, आणि ती एकदा जडली की आयुष्यभर साथ सोडत नाही.

सगळीकडे सिलिकॉन मारले तर चालणार नाही का?

सिलिकॉन स्वस्त आहे, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि बाथरूममध्ये उत्तम काम करते. डेकवर मात्र ते वापरू नये असे माझे ठाम मत आहे. ते सुटल्यावर मागे जो अदृश्य थर उरतो, त्यावर रंग, एपॉक्सी किंवा दुसरे सीलंट काहीही धरत नाही. डेकवरच्या धातूच्या वस्तूंसाठी पॉलिसल्फाइडचे सीलंट किंवा ब्यूटाइलची चिकट पट्टी बरी, कारण पुढे वस्तू काढायची वेळ आली तर ती निघते. पॉलियुरेथेनचे कायमस्वरूपी चिकटणारे प्रकार जिथे पुन्हा कधीच उघडायचे नाही तिथेच वापरावेत.

सागवान तर कुजत नाही ना?

सागाच्या मधल्या गडद भागात नैसर्गिक तेले असतात आणि बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात, त्यामुळे तो खरोखर टिकतो. सालीलगतच्या फिकट भागात ती जवळजवळ नसतात, आणि तो भाग साध्या लाकडासारखाच कुजतो. वखारीत फळी निवडताना कडेची फिकट पट्टी पाहावी. ती असेल तर कापून टाकण्याचा हिशेब धरूनच भाव करावा.

ज्या तेलांमुळे साग टिकतो, त्याच तेलांमुळे तो नीट चिकटत नाही. जोडायच्या बाजू ताज्या रंधून किंवा पॉलिश पेपर मारून, ॲसिटोनने पुसून, तो उडाल्याबरोबर लगेच एपॉक्सी लावावे. शिवाय साग, इतर लाकडांपेक्षा कमी का होईना, ऋतूंप्रमाणे फुगतो आणि आकसतो. २०० मिलिमीटर रुंदीची फळी कोरड्या हवेतील १० टक्के ओलीवरून पावसाळ्यातील १८ टक्क्यांवर गेली, तर रुंदीत सुमारे तीन मिलिमीटर वाढू शकते. तिला दोन्ही कडांनी घट्ट आवळले, तर ती उकलते किंवा शेजारच्या फळीला उचलते. सागवानाला सगळीकडून एपॉक्सी फासून ‘कायमचे बंद’ करण्याचा प्रयत्न याच कारणाने फसतो: जाड लाकडाची हालचाल त्या थराला कुठेतरी तडा देते, पाणी शिरते, आणि मग बाहेर पडत नाही. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसे हलत नाही, म्हणून त्याला असे बंद करणे शोभते. त्यातही एपॉक्सी उन्हाने खराब होते, तेव्हा उन्हात येणाऱ्या भागावर त्याच्या वरून रंग किंवा उन्हाला टिकणारे व्हार्निश हवेच.

बाहेरच्या सागवानी पट्ट्यांना व्हार्निश लावायचे की त्या राखाडी होऊ द्यायच्या, हा आवडीचा प्रश्न आहे. आपल्या उन्हात व्हार्निश लवकर उलते, आणि दर हंगामात हात देण्याची तयारी नसेल तर राखाडी साग अधिक प्रामाणिक दिसतो.

घराचे फर्निचर करणारा सुतार हे काम करू शकेल?

करू शकेल, आणि आपल्याकडचे सुतार हाताने फार सफाईदार काम करतात. पण घरातील सवयींपैकी काही नौकेत मोडाव्या लागतात.

पहिली सवय गुण्याची, म्हणजे काटकोन तपासायच्या अवजाराची. घराची भिंत सरळ आणि कोपरा काटकोनात असतो. नौकेत एकही रेषा सरळ नसते, आणि नौका पाण्यावर असेल तर पातळीदर्शकाचाही उपयोग होत नाही. म्हणून मापे न घेता नमुना घ्यावा. जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या नौकेच्या वक्र अंगाला टेकवून एकमेकींना गरम गोंदाने चिकटवायच्या, तयार झालेला सांगाडा उचलून प्लायवूडवर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. ही आखलेली फळी घाटकोपर-ठाण्याच्या कोणत्याही कार्यशाळेत नेऊन कापता येते, आणि फळी पहिल्या खेपेतच बसण्याची शक्यता खूप वाढते.

दुसरी सवय मालाची. आयएस ३०३ या भारतीय मानकातील एमआर, म्हणजे थोडीफार ओल सोसणाऱ्या, दर्जाचे प्लायवूड घरातील कोरड्या कपाटासाठी असते. नौकेसाठी आयएस ७१० हवे, ज्याला दुकानात नुसते ‘सातशे दहा’ म्हणतात. त्याचा गोंद फिनॉलिक असतो आणि नमुना ७२ तास उकळून तपासलेला असतो. तरीही गोंद टिकला म्हणजे लाकूड टिकले असे होत नाही. पाणी प्लायवूडच्या कापलेल्या कडेतून शिरते, तेव्हा प्रत्येक कडेला आणि प्रत्येक छिद्राला एपॉक्सीचे दोन-तीन हात बसवण्यापूर्वीच द्यावेत. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नौकेत आणूच नये. साधा पांढरा सुतारी गोंद आणि लोखंडी खिळे यांनाही इथे जागा नाही. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत, शक्य तिथे ३१६ दर्जाचे.

तिसरी सवय गच्च बंद कपाटांची. घरात धूळ नको म्हणून आपण दारे घट्ट बसवतो. नौकेतील कपाट हवेशीर हवे, म्हणून दाराला वेताची जाळी किंवा आडव्या पट्ट्या लावाव्यात, आणि मागच्या बाजूला नौकेच्या अंगापासून बोटभर अंतर सोडावे. ओट्याला कडेने उंच पट्टी, सर्व कोपरे गोल, आणि बोल्ट, पाइप व झडपा यांच्यासमोर काढता येणारी फळी, या बाबी सुताराला पहिल्याच दिवशी सांगाव्यात. देखण्या फर्निचरने झाकून टाकलेली झडप पाणी शिरल्याच्या क्षणी हाताला लागत नाही.

काम कोणत्या महिन्यात काढावे?

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की आधी सगळे उघडून मोकळे करावे: जमिनीच्या फळ्या उचलाव्यात, कपाटे उघडी टाकावीत, संशयास्पद बोल्ट काढून छिद्रे मोकळी ठेवावीत. डिसेंबर ते फेब्रुवारी ही आपल्याकडची सर्वांत कोरडी हवा आहे, तेव्हा वाळवणे आणि एपॉक्सीचे काम त्या काळात करावे. मार्च-एप्रिलमध्ये रंग आणि व्हार्निश सकाळच्या वेळी उरकावे. मेअखेरीस नौकेवर ताडपत्री अशी ताणावी की पाणी बाहेर ओघळेल आणि दोन्ही टोकांनी वारा खेळेल. अंगाला चिकटून बांधलेली ताडपत्री खाली वाफ कोंडते आणि उघड्या पावसापेक्षाही अधिक ओल देते.

स्वतः करण्याची मर्यादा कुठे?

गाभ्याची लहान दुरुस्ती, छिद्रे, कपाटे, जमीन, खिडक्यांचे सीलंट, पॉलिश, हे सगळे चिकाटी असलेल्या माणसाने स्वतः करावे. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी आणि पाण्याच्या रेषेखालच्या झडपा जाणत्या कारागिराकडूनच बसवून घ्याव्यात.

सर्वांत गंभीर जागा मात्र लाकडाशीच निगडित आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा खाली स्टीलच्या जाड पट्ट्यांना बांधलेल्या असतात. त्या पट्ट्या डेकमधून आरपार जाऊन पुष्कळ नौकांत प्लायवूडच्या आडभिंतीला बोल्टने जखडलेल्या असतात. डेकवरच्या फटीतून पाणी पट्टीच्या कडेने उतरते आणि थेट त्या प्लायवूडमध्ये मुरते. त्याच वेळी ओल्या लाकडाला चिकटलेल्या स्टीलला हवा मिळत नाही, आणि स्टेनलेस स्टील हवेअभावी आतून बारीक खड्डे पडून झिजते. दिसणारा भाग चकचकीत राहतो. जुनी नौका घेण्यापूर्वी या पट्ट्यांभोवतीचे फर्निचर काढायला लावावे, तिथल्या आडभिंतीत टोच्या रोवून पाहावा, आणि तो सहज आत गेला तर किंमत ठरवण्याआधी अनुभवी सर्वेक्षकाला बोलवावे. तिथले प्लायवूड बदलायचे म्हणजे आधी तारांचा ताण सोडावा लागतो, बहुधा डोलकाठीच उतरवावी लागते, आणि ते काम क्रेन व जाणती माणसे असलेल्या यार्डातच व्हायला हवे.